उजव्या अंगाची जागा

मी इंजिनियर पलटणीत सतरा वर्षं काढली. नायक शिवलिंग बिराजदार, उदगीरच्या बाजूचा. गावात लोक विचारतात, गोळ्या किती चालवल्या? आता काय सांगावं! फायरिंग रेंज सोडली तर एकही नाही. आमचं काम जमिनीशी. लढाईत वाळवंटात पेरून ठेवलेले सुरुंग काढायचे आणि तिथल्या शेतकऱ्यांना जमीन मोकळी करून द्यायची.

रोजचं काम ठरलेलं. सातला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, साडेसातला सुरुंगांच्या पट्ट्यात. दोघांची जोडी. पुढचा पोटावर झोपून प्रॉडर, म्हणजे लांब बारीक सळई, वाळूत तिरकी घालणार. टोकाला काही लागलं की हाताने वाळू बाजूला करणार. मागचा अंतर ठेवून दोन्ही कडांना पांढरी टेप लावत येणार. टेपच्या आत पाय, बाहेर नाही. वीस मिनिटांनी पाळी बदलायची. वीस मिनिटांत हात थकत नाही, लक्ष थकतं.

माझा जोडीदार लान्स नायक शमुवेल गायकवाड. माझ्याच गावचा. आम्ही लिंगायत, घरचं किराणा दुकान. त्याच्या वस्तीत थोडी ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं एक चर्च. मी त्याला शम्या म्हणायचो, तो मला शिवा. गावाकडं त्या साली पावसानं दुसऱ्यांदा दगा दिलेला. त्याची आई, मार्थामावशी, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी पलटणीच्या कागदावर पत्ता बदलून घेतला, शम्यानं नाही. "उस्मानाबाद लिहिलं तरी पत्र येतंय की," म्हणायचा. आळशी लेकाचा!

ते घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तंबूबाहेर बसलो होतो. त्याच आठवड्यात दुसऱ्या सेक्शनच्या एका हवालदाराचा पाय गेला होता. त्यावरून विषय निघाला.

"तुमच्यात मेलेला परत उठतो म्हणता," मी म्हटलं. "मग त्या हवालदारासारख्याचं काय? लंगडत उठणार?"

"न्हाई रे. नवं अंग मिळतंय. दुखत न्हाई, मोडत न्हाई."

"नवं? मग आईनं वळखायचं कसं?"

"वळखंल की. आई हाय ती." मग माझ्यावर उलटला. "तुझं तू बघ. आम्हाला पाय पूर्वेला करून झोपवतेत. उठलं की समोर उजेड. तुम्हाला तर बसवूनच पुरतेत. बसलेला गडी उठायचा आळस करतोय!"

मी त्याला चप्पल फेकून मारली. तो हसत तंबूत पळाला.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला पाळी बदलली. पुढं जायची पाळी माझी होती. माझ्या डोळ्यात वाळू गेली होती, पाणी थांबेना.

"सरक," शम्या म्हणाला. "मी अजून एक पाळी काढतो."

मी सरकलो. पाळी माझी होती. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, कारण ते खरं आहे.

दहा त्रेपन्नला स्फोट झाला. धूळ बसली तेव्हा शम्या टेपच्या आत नव्हता. बाहेर उजवीकडं, आठेक फुटांवर पडला होता. जिवंत होता. हाक मारत होता. मी उठलोच होतो, तेवढ्यात मागून सुभेदार साब ओरडले.

"बिराजदार! भागना नहीं! प्रॉड करके जाओ!"

त्यांच्या शेजारी रेडिओवाला बोलत होता. "वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पार्टी भेजो. ओव्हर."

आठ फूट म्हणजे घरात ओसरीवरून चुलीपर्यंत. मी पोटावर झोपलो आणि सळई वाळूत घातली. एक बोट पुढं. परत सळई. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

"शिवा."

"आलो. बोलू नको."

"घाई करू नको. तूपण जाशील."

पहिले तीन फूट साफ. मग सळईला टणक लागलं. दुसरा सुरुंग. मी त्याच्याभोवती टेप टाकली आणि डावीकडून वळसा घेतला. त्या वळशानं सगळा वेळ खाल्ला.

"शिवा, माझा उजवा हात लागंना. कुठाय बघ की."

मी मान वर केली. त्याचा उजवा हात कोपरापासून नव्हता. कुठं पडला ते दिसतही नव्हतं.

"हाय," मी म्हटलं. "तुझ्यापाशीच हाय. तू हलू नको."

"उचलून घेशील ना?"

"घेतो म्हटलं ना! गप पड!"

मी त्याच्यावर खेकसलो. त्यानंतर तो बोलला नाही. अकरा सतराला मी पोचलो, तेव्हा तो गेला होता. मी त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि रडलो.

त्याला मोकळ्या पट्ट्यात आणलं. मग मी म्हटलं, "साब, हात राहिलाय. मी जातो."

"नहीं."

"साब, वचन दिया है."

"एक गया. दूसरा नहीं दूँगा. वापस चलो, ये हुकूम है."

मी परत फिरलो. त्याच संध्याकाळी आमची कंपनी तिथून हलवली. तो हात तिथंच राहिला.

त्याच्या पेटीबरोबर मला गावी पाठवलं. पेटी खिळे ठोकून बंद, उघडायची नाही असा हुकूम. विमानानं हैदराबाद, तिथून लष्करी ट्रक. निघताना मी थोरल्या भावाला, बसप्पाला, तार केली होती. तेही बरंच झालं, कारण मावशीच्या नावची सरकारी तार जुन्या जिल्ह्याला फिरून आमच्यानंतर आली.

सकाळी नऊला गावात पोचलो. आमच्या गल्लीतली माणसं पहाटेपासून ख्रिस्ती स्मशानात राबली होती. बसप्पाच्या हाताला फोड आलेले. जमीन पाण्यावाचून वाळून दगड झालेली, पहार टाकली की ठिणगी उडायची. मी खड्ड्यापाशी गेलो आणि कपाळाला हात लावला.

खड्डा चौकोनी होता. रुंद, खोल, माणूस मांडी घालून बसेल असा. बिचाऱ्यांनी जन्मभर जसा खणला तसाच खणला होता.

"अण्णा, ही पेटी लांब हाय! आडवी जायची कशी?"

बसप्पानं पेटीकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. "ध्यानातच आलं न्हाई रे." त्यानं परत पहार उचलली. चर्चचे पाळक म्हणाले, थांबू, काही हरकत नाही.

दोन तास लागले. तेवढा वेळ मार्थामावशी पेटीला टेकून बसली होती, आणि मी तिच्या शेजारी. उघडा असं ती एकदाही म्हणाली नाही. ते मला जास्त जड गेलं.

"शिवा, सगळा हाय ना माझा?"

"हाव, मावशी."

तिकडं पहारी वाजत होत्या. मावशीचा हात पेटीवरून फिरत होता, उजव्या बाजूनं, कोपर असेल तिथं. मला सहन झालं नाही.

"न्हाई, मावशी. उजवा हात तिथंच राहिला. त्यानं मागितला होता. मी म्हटलं, हाय, उचलतो. खोटं बोललो. आणि पाळीपण माझी होती."

ती माझ्याकडं बघत राहिली. आता मारंल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे जाताना त्याला वाटलं, हात हाय?"

"हाव."

"मग बरं केलास."

मी म्हटलं, "मावशी, तो म्हणायचा, नवं अंग मिळतंय. खरंच मिळंल? आणि तुला वळखू येईल?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "जवारी पेरल्यावर तोच दाणा परत हाती येतो का? तो मातीत जातो. पण वर कणीस येतं ते जवारीचंच. माझ्या पोटचा हाय, मी वळखंन. पाऊस कवा पडंल ते मला ठाव न्हाई, पण हे ठाव हाय."

साडेअकराला पेटी उतरवली. पाय पूर्वेला. खड्डा लांब केला होता, पण रुंदी आमच्या मापाचीच राहिलेली. बसप्पा पेटी मध्ये घेऊ लागला, तशी मावशी उठली.

"डावीकडं सरकवा. उजव्या अंगाला जागा राहू द्या. हात तिथं येईल."

पेटी डावीकडं सरकवली. पाळकांनी प्रार्थना केली, मी सॅल्यूट केला, आणि माझ्याच माणसांनी माती लोटली.

मावशीची कबर आता त्याच्या पायथ्याशी आहे. शम्याची कबर अजून बाकीच्यांपेक्षा रुंद दिसते, नवे लोक विचारतात. मी जातो, गवत काढतो, उजव्या बाजूला थोडा वेळ बसतो. आमची लिंगायतांची पुरायची जागा त्या स्मशानाच्या मागंच, पश्चिमेला. मी ख्रिस्ती नाही आणि होणारही नाही. पण पोरांना बजावून ठेवलंय, मला बसवाल तेव्हा तोंड पूर्वेला करा. शम्या दोन्ही हात टेकून उठतो का, तेवढं मला बघायचंय. मग मी त्याला खोटं बोललो नव्हतो, असं होईल.