जाफन्यातलं निळं दार

दीडशे फूट बोअर झाला तरी राखाडी धूळच उडत होती आणि मी श्रीलंकेत शांतता प्रस्थापित करत होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा, त्यात दुष्काळ. मी सरकारी जिऑलॉजिस्ट. जमिनीत करंट सोडायचा, मीटर वाचायचं आणि बोअरची जागा सांगायची. याला ‘पॉइंट देणं’ म्हणतात. अहमदपूरजवळच्या त्या गावात मी छातीठोकपणे पॉइंट दिला होता. पाणी लागेना, मग लोकांना गुंतवायला पेपर उघडला. आपली शांतिसेना लंकेत गेली होती. महिनाभरात दोन्हीकडचे बंदुका खाली ठेवतात की नाही बघा, असं मी सांगत होतो.

रिग चालवणाऱ्या सेल्वमनं कंप्रेसर बंद केला.

“सर, मेरी बहन उधरीच है.”

तो जन्मला लंकेतल्या चहाच्या मळ्यात. घरचे भारतात परतले, लग्न झालेली बहीण तिकडेच राहिली, जाफन्याला. चार महिने तिचं पत्र नव्हतं. जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही.

गर्दीत गयाबाई होत्या. त्यांचा मिलिंद त्याच सेनेत, जाफन्यातच. बुद्धाचा देश म्हणून त्यांनी पोराला निर्धास्त धाडलं होतं. त्या पुढं आल्या.

“सायेब, पेपर ठिवा. कागूद घ्या, लिव्हा. मिलिंदा, ह्या बाबाची भैन तिथं हाय. बघून ये. जेवती का, इचार.”

सेल्वमनं पत्ता सांगितला, मी लिहिला. बोअर दोनशे फुटांवर कोरडाच सोडला. रिग पुढच्या गावी गेली.

महिन्यानं मी दुसरा पॉइंट द्यायला गेलो, तर गयाबाई उत्तर घेऊन उभ्या. मी वाचलं. “आई, गल्ली सापडली. निळं दार, आतून कडी. लई हाका मारल्या, कुणी उघडलं नाही. आम्ही आलो तवा लोकांनी हार घातले होते. आता आमची गाडी दिसली की दारं लावतात.”

बंदुका खाली ठेवायला मी दिलेला महिना भरला होता. सेल्वमला काय सांगायचं, याच विचारात गयाबाईंना जीपमध्ये घेऊन रिगवर गेलो आणि पत्र हिंदीत सांगितलं.

“अंदर से बंद?” त्यानं दोनदा विचारलं.

“हो.”

तो रिगच्या पायरीवर बसला आणि ग्रीसच्या हातांनीच डोळे पुसले.

“मतलब अंदर आदमी है, सर.”

मला हे सुचलंच नव्हतं. शासनानं मला कडी कुठून लागली हे बघायला शिकवलेलं नव्हतं.

गयाबाई म्हणाल्या, “लिव्हा सायेब. बंदूक लांब ठिवून, एकलाच जा म्हनावं. उघडंल ती.”

सेल्वम ताडकन उठला. “नको अम्मा. अकेला नको. तुम्हारे लड़के को मार देंगे.”

कंप्रेसरपाशी आम्ही तिघं. आई पोराची बंदूक खाली ठेवायला निघालेली, आणि ज्याची बहीण त्या दाराआड होती तो भाऊ नको म्हणत होता. माझ्या हातात पेन. इतकी वर्षं मोजमापं केली, पण त्या दोघांची खोली घ्यायला माझ्याकडं मीटर नव्हतं. शेवटी गयाबाईंनी दोनच शब्द सांगितले: “परत ये.” खाली सेल्वमनं तमिळमध्ये दोन ओळी लिहिल्या, दाराखालून सरकवायला.

मिलिंद पुढं धडधाकट परतला. ती चिठ्ठी त्यानं सरकवली होती, कुणीतरी ती आत ओढून घेतली, एवढंच त्यानं पाहिलं. सेल्वमपर्यंत मी ते पोचवलं. त्याला ते पुरलं.

कुठल्याही देशाच्या लढाईवर बोलण्याआधी मी आता विचारतो, इथं कुणाचं तिकडं कोण आहे का. आमच्या हिला वाटतं, वयानं बोलणं कमी झालं.