टेपचं दुमडलेलं टोक

आमच्या साहेबांना मी सव्वीस वर्षं ओळखते, आणि इतक्या वर्षांत त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ते सीईओ झाले तेव्हा त्यांच्या खोलीत मोठी काळी खुर्ची आली. तिच्यावर फायली बसायच्या आणि साहेब चकरा मारायचे. चहा उभ्यानं, फोन उभ्यानं, सहीसुद्धा टेबलावर वाकून उभ्यानंच. याच कंपनीत ते फिरते विक्रेते म्हणून लागले होते. नमुन्यांचा खोका बगलेत मारून दिवसाला दहा दारं ठोठावायचे. पुढे दारं ठोठावणं सुटलं, पायांची भिंगरी काही सुटली नाही. नखं तर अशी कुरतडलेली की बोटांची टोकं कायम लाल.

प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी आम्ही बनवतो. मी पॅकिंगची सुपरवायझर. माझं तोंड फटकळ आहे, हे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच पुढे जे सांगणार आहे त्याची मला जास्त लाज वाटते.

कॅन्टीनच्या भिंतीवर साहेबांनी नोकरीत शिकलेले पाच धडे फ्रेम करून लावलेत. दुसरा: चूक दोनदा माफ, तिसऱ्यांदा नाही. तिसरा: महिन्यातून एक दिवस स्वतःच्या हातानं काम करा. पाचवा: चूक झाली की कबूल करा, कारणं सांगू नका. पहिला आणि चौथा मला विचारू नका, त्यांच्यापुढे पाण्याचं मशीन उभं आहे.

तिसरा धडा साहेब स्वतः पाळायचे. महिन्याचा पहिला सोमवार आला की आठच्या ठोक्याला निळा एप्रन बांधून आमच्याकडे हजर. आमच्याकडे प्रत्येक पॅकरला नंबर असतो आणि ती भरते त्या प्रत्येक खोक्यात तिच्या नंबराची चिठ्ठी जाते. साहेबांना नंबर नव्हता. ते दाराजवळच्या टेबलावर उभे राहायचे आणि त्या टेबलावरच्या बाईच्या चिठ्ठ्या वापरायचे. तिला आम्ही चौदा नंबर म्हणतो. नवऱ्याची पाठ कामातून गेली तेव्हापासून घरात कमावणारी ती एकटीच.

अगदी पहिल्या वेळी साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसेक खोके भरून गेले. ते गेल्यावर मी एक खोका सहज कानाशी धरून हलवला. आतून सहा मोजपात्रांची सहा उत्तरं आली. उघडून बघितलं तर दोन भांड्यांच्या मध्ये पुठ्ठाच नाही, कागद तळाशी गोळा झालेला, आणि वरच्या टेपचं टोक व्यवस्थित आत दुमडलेलं. ही त्यांची जुनी सवय. नमुन्यांचा खोका दिवसातून दहादा उघडायचा आणि नखं तर नाहीत, म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे चिमटीत धरून ओढता येतं. विक्रेत्याला ते सोयीचं. ट्रकमध्ये मात्र खोक्याला खोका घासला की तेच टोक अडकतं आणि टेप सुटते.

मी सांगायला त्यांच्या मागे गेले होते. पण साहेब जिन्यात कुणाला तरी सांगत होते, "आज चाळीस भरले! हाताला काम लागलं ना, की डोकं कसं शांत होतं." त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी जिन्यातूनच मागे वळले. परत आले आणि पोरींना म्हटलं, "सगळे उघडा, परत भरा. आणि हे या दाराबाहेर जाता कामा नये."

मग ती रीतच पडली. साहेब भरायचे, जायचे, आम्ही उघडायचो. तीन वर्षं.

या वेळी मात्र घोड्यानं पेंड खाल्ली. ट्रक लवकर आला, आम्ही कॅन्टीनमध्ये होतो, आणि हमालांनी अडतीस खोके चढवून ट्रक रवानाही केला. मला कळलं तेव्हा फोन करून ट्रक परत बोलावता आला असता. पण बोलावायचा तर कारण सांगावं लागलं असतं. नशिबानं काही फुटणार नाही, असं म्हणत मी गप्प बसले.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. एका कॉलेजात अकरा खोके फुटके निघाले होते आणि ते उघडताना तिथल्या मदतनिसाच्या तळहाताला सात टाके पडले होते. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी एकच, चौदा नंबर. तिच्या नावावर आधीच्या दोन लाल खुणा होत्या, आणि त्या खऱ्या होत्या, नवरा दवाखान्यात असतानाच्या. दुसऱ्या धड्याप्रमाणे आता तिसरी, म्हणजे घरी.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तू सांग ना त्यांना, ते तुझे खोके नव्हते म्हणून."

"मी का सांगू? उघडा म्हणणाऱ्या तुम्ही, ताई. गप्प बसा म्हणणाऱ्याही तुम्हीच. आता बोलायचं असेल तर तुम्हीच बोला."

खरंच होतं ते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीन वर्षं सीईओला फसवलं असं कळल्यावर ती दोन वर्षं मला कोण देणार होतं? तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. घरी मुलगी म्हणाली, "आई, तू नुसती येरझारा काय घालतेस?" मी म्हटलं, साहेबांची लागण आहे.

गुरुवारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. क्वालिटीवाल्यानं फोटो पसरून ठेवले होते आणि साहेब खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते.

"चिठ्ठी तुमची?" त्यांनी चौदा नंबरला विचारलं.

"हो, साहेब. नंबर माझाच."

"काही सांगायचंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या पायाकडे पाहिलं. एरवी चहात साखर कमी पडली तरी कॅन्टीन डोक्यावर घेणारी मी, माझी दातखीळ बसली होती. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

क्वालिटीवाल्यानं तिसऱ्या लाल खुणेचा कागद पुढे सरकवला. साहेबांनी पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. "फोटोवरून मला काही समजत नाही. परत आलेले खोके कुठायत?" म्हणाले आणि आम्ही 'गोदामात' म्हणायच्या आत जिना उतरायलाही लागले.

गोदामात अकरा खोके भिंतीला लावून ठेवले होते. साहेबांनी एक ओढला. कॉलेजवाल्यांनी वरची झाकणं उचकटली होती, खालच्या बाजूची टेप मात्र शाबूत होती. खोका उलटा करताना ते क्वालिटीवाल्याला काहीतरी विचारत होते, लक्ष तिकडेच होतं. त्यांचा हात टेपच्या टोकाशी गेला, चिमटीत दुमड सापडली, आणि टेप सर्रकन निघाली.

प्रश्न अर्धाच राहिला. साहेब आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग दुसरा खोका घेतला. तिथेही दुमड. तिसऱ्याला, चौथ्याला, तशीच. शेजारच्या रांगेतला चौदा नंबरचा आजचा खोका त्यांनी उचलला. तिची टेप सपाट, काठाला काठ लावलेली. कुरतडलेल्या नखांनी ती सोडवायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हे मी भरलेत," साहेब म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "बाई, माझे आधीचे खोके कसे नाही फुटले?"

आता मात्र माझं तोंड उघडलं, आणि उघडल्यावर थांबेना. सगळं सांगितलं. कानाशी धरलेला खोका, जिना, ट्रक, माझं मूग गिळून बसणं. म्हटलं, "दर महिन्याला सगळे परत भरायचो, साहेब. तुमचा म्हणून एकही खोका कधी बाहेर गेला नाही. हे सोडून."

साहेब एका रिकाम्या क्रेटवर बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मला ते बघवेना.

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही फार खूष दिसायचात."

मग ते चौदा नंबरला म्हणाले, "आणि तुम्ही? तुमची तर नोकरी जात होती. मी विचारलंही होतं."

"पाचवा धडा, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "कारणं सांगायची नाहीत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. साहेबांनी क्वालिटीवाल्याच्या हातून कागद घेतला, गुडघ्यावर धरून तिचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. कॉलेजातल्या त्या मदतनिसाला भेटायला ते दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन आले. माझ्या दोन वर्षांबद्दल ते काहीच बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. गोदामातून निघताना मात्र दारात थांबून म्हणाले, "या इमारतीत अजून कोण कोण मला खूष ठेवतंय?" आणि भट्टीच्या दिशेनं चालू लागले. त्या आठवड्यात ते प्रत्येक खात्यात तोच प्रश्न विचारत हिंडले. कुणी धड उत्तर दिलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते येणार नाहीत, अशी पोरींची पैज लागली होती. आठच्या ठोक्याला साहेब एप्रन बांधून हजर. या वेळी त्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या होत्या, नव्या एकतीस नंबरच्या. पहिला खोका भरून त्यांनी चौदा नंबरपुढे ठेवला. तिनं तो कानाशी धरून हलवला, ब्लेडनं उघडला आणि सगळं टेबलावर काढून ठेवलं.

"परत," ती म्हणाली.

साहेबांनी परत भरला. तिनं परत काढला. पोरी माना खाली घालून काम करत होत्या, पण एकीचंही लक्ष हातात नव्हतं. जेवणाच्या घंटेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि भरलेल्या खोक्यांची टेप सपाट होती. ते माझ्याकडे आले. चेहरा ओढलेला, बोटं लाल.

"किती झाले, बाई?"

'छान झालेत, साहेब,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सवय जात नाही. मी रांगेतले खोके एकेक करून कानाशी धरले.

"चार," मी म्हटलं. "आणि त्यातला एक सैल आहे."