नानांचा आपटा

ऐन शाळेच्या वेळेला ज्या घरातून पोरांचे आवाज येतात, त्या घराविषयी शेजाऱ्यांना कुतूहल वाटणारच. यात माझा काही दोष नाही. झाशीच्या खंडेराव गेटजवळच्या आमच्या गल्लीत माझं आणि नानांचं घर भिंतीला भिंत लावून उभं आहे आणि दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा आहे. त्या कठड्याशी मी पापड वाळत घालायला जाते. पापड बारा महिने वाळत घालायचे नसतात हे मलाही कळतं, पण अजून कुणी विचारलेलं नाही.

नाना म्हणजे जगन्नाथराव. ते आणि माझे यजमान दोघेही रेल्वेत गार्ड होते. यजमान गेले; नाना आहेत, आणि त्यांची शिट्टीही आहे. त्यांचा मुलगा सुमेध शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. सकाळी बसने जातो, संध्याकाळी येतो आणि घरात वाद झाला तर दोन्ही बाजूंना मान डोलावतो. मेघना त्याची बायको, आणि मला सांगायचंय ते तिच्याबद्दल.

मेघना भुसावळची. लग्नाआधी तिथे बालवाडीत शिकवायची. झाशीत आली तेव्हा तिचं हिंदी ऐकून भाजीवाला हसायचा, आता तीच त्याला इथल्या बुंदेलीत दटावते. अंगाने किरकोळ, आवाज हळू, पण एकदा ठरवलं की दगडावरची रेघ. दोन वर्षांपूर्वी तिने ठरवलं की मुलांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं.

कारण घडलं थोरल्या ऋतामुळे. ही पोरगी मुळात अशी की पाल भिंतीवरून पडत का नाही, इथपासून देवाला आंघोळ घालता तर साबण का नाही लावत, इथपर्यंत सगळं विचारणार. पहिलीत असताना बाईंनी तिला उभं करून वाचायला सांगितलं. ती एका शब्दावर अडखळली, वर्ग हसला आणि बाईही हसल्या. त्यानंतर रोज सकाळी पोट दुखू लागलं. "पोटदुखी मी चालवून घेतली असती हो काकू," मेघना मला कठड्यापलीकडून म्हणाली होती, "पण तिने प्रश्न विचारणं बंद केलं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं. शाळेत हसतातच. आम्हालाही हसले, आम्ही काय मेलो? पण ते पाणी पाहून मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या गल्लीत घडामोड असते.

मग रोज काय चालतं हे बघण्याचा मला छंदच लागला. सकाळी नाना शिट्टी वाजवायचे. शाळा नाही तर निदान वेळ तरी पाळा, असा त्यांचा आग्रह. शिट्टी झाली की ऋता आणि धाकटा तेजस गच्चीवर. मग सारख्याच दोन ओल्या रुमालांपैकी एक उन्हात, एक सावलीत, आणि आधी कोणता वाळतो ते बघत बसायचं. लक्ष्मी गेटच्या बाजारात तराजूसमोर उभं राहून अर्ध्या किलोत किती बटाटे बसतात याचा अंदाज करायचा. पोळ्या लाटताना अर्धी, पाव, पाऊण. मध्येच गॅस सिलिंडरवाला यायचा, मध्येच तेजस धान्याच्या डब्यात हात घालून डाळ-तांदूळ एक करायचा, आणि मग दोन्ही निवडून वेगळे करणं हाच त्या दिवसाचा धडा. मेघना त्या पसाऱ्यात कधी कधी डोक्याला हात लावून बसायची. रडायचीही. मी पाहिलंय. भाजीवाला रोज विचारायचा, "काए बिन्नू, आज सोई स्कूल नईं गईं?" म्हणजे, काय गं पोरी, आजही शाळेत नाही गेलीस? आणि ऋता त्यालाच उलट विचारायची, "भैया, भिंडी में बाल क्यों होते हैं?" प्रश्न परत आले होते, एवढं मात्र खरं.

वाचन परत आलं नव्हतं. आणि इथे मेघनाने जे केलं त्याला मी खुळेपणा म्हणाले होते. तिने घरात 'वाच' म्हणायचीच बंदी केली. पोरांना कुणीही 'हे वाच', 'वाचून दाखव' म्हणायचं नाही. पुस्तकं भरपूर, ती स्वतः मोठ्याने वाचून दाखवायची, पण पुस्तक पोरीपुढे सरकवायची नाही. "अक्षरं येतात तिला. ज्या दिवशी तिला काही हवं असेल त्या दिवशी ती आपणहून बघेल."

"आणि तो दिवस आला नाही तर?" नानांनी विचारलं.

नानांचा जीव होता नातीवर, म्हणूनच ते घाबरले होते. आठ वर्षांची पोरगी दुकानाची पाटी वाचत नाही, हे त्यांना सहन होईना. शेवटी श्रावणात एक दिवस त्यांनी शिट्टी खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला पाटीपूजन झालं की ऋता माझ्यासमोर चार ओळी वाचेल. नाही वाचल्या, तर दिवाळीनंतर शाळा. मी बोलून ठेवलंय." सुमेधने मान डोलावली. मेघना म्हणाली, "चालेल, बाबा. पण तोवर तिला 'वाच' म्हणायचं नाही." ऋताला यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरलं. मला मात्र सांगितलं, कारण मी कठड्याशी होतेच.

आता आपट्याचं सांगितलं पाहिजे. झाशीत मराठी घरं मोजकी. पिढ्यान्‌पिढ्यांची काही, बाकी नोकरीपायी आलेली. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं हवीत आणि इथे आपटा कुणाला ठाऊक? इथली माणसं दसऱ्याला नीलकंठ पक्षी बघतात आणि विडा खातात. नाना तरुणपणी बदली होऊन इथे आले आणि त्यांनी रस्त्याकडेच्या छोट्या बागेत एक झाड शोधून काढलं. दोन पाकळ्या जोडल्यासारखं पान, मध्ये खाच. तेव्हापासून अख्ख्या मराठी मंडळाचं सोनं नानांकडून. पहाटे ते पिशवी घेऊन जाणार, संध्याकाळी सगळे त्यांच्याकडे येणार. मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीबाई तर म्हणायच्या, नाना नसते तर झाशीत दसराच झाला नसता. यावर नाना नको नको म्हणायचे, पण मिशीत हसायचे.

मागच्या वर्षी मेघनाची आई भुसावळहून येताना तिकडची पानं घेऊन आली होती. ऋताने दोन्ही पानं फरशीवर शेजारी शेजारी ठेवली. भुसावळचं पान छोटं, जाड, लांबीपेक्षा रुंद. नानांचं मोठं, पातळ, लांबट. "आजोबा, ये इतना बड़ा क्यों है?" मराठी कळतं तिला, पण तोंडी गल्लीतलं हिंदीच.

"इकडची माती वेगळी, पाणी वेगळं," नाना म्हणाले. "झाशीला येऊन मीही जाड झालोच की."

सगळे हसले. ऋता हसली नाही. तिने दोन्ही पानं जड शब्दकोशाखाली दाबून ठेवली आणि वर्षभर अधूनमधून काढून बघत राहिली.

दसरा उजाडला. मेघनाच्या घरात चक्का टांगलेला, दाराला झेंडूचं तोरण, आणि तिचं तोंड परीक्षेला बसल्यासारखं. नाना पिशवी घेऊन निघाले, ऋता बरोबर, आणि मीही निघाले. एवढं सकाळचं फिरणं डॉक्टरांनी सांगितलंय.

बागेत यंदा झाडांना नावं लावली होती. खोडांवर निळे पत्रे, त्यावर पांढरी अक्षरं. कुणी लावले देव जाणे. नाना नेहमीच्या झाडाखाली गेले आणि पत्र्याकडे न बघता फांदी वाकवून पानं तोडू लागले. ऋता खोडासमोर उभी. ओठ हलत होते.

"आजोबा, ये आपटा नहीं है."

"असं कसं? आपटाच आहे."

"नहीं. इसपे लिखा है. क... च... ना... र. कचनार."

कचनार म्हणजे आपला कांचन. नानांनी फांदी सोडली. चष्मा नाकावर चढवून पत्रा पाहिला. "चुकीचा पत्रा लागलाय. या लोकांना काय कळतं?"

पोरीने पत्र्यावर एकदा बोट फिरवलं. मग पळत पलीकडच्या झाडाशी गेली. "नीम!" ओरडली. ते कडुनिंबाचंच होतं. त्याच्या पुढच्याशी गेली. इथे जरा वेळ लागला. "अ... म... ल... अमलतास!" बहावाच तो, त्याच्या लांब काळ्या शेंगा मलाही लांबून दिसत होत्या. मग शीशम. मग धापा टाकत परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नीम का सही है. अमलतास का सही है. शीशम का भी सही है. तो सिर्फ आपके ही पेड़ का गलत कैसे?"

मी उत्तर ऐकायला नानांकडे वळले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी वाचत होती. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, कुणी 'वाच' म्हटलेलं नसताना. नानांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण त्यांचा हात पिशवीतच राहिला.

माणूस कसा अडकला बघा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पत्रा चुकीचा म्हणावं तर झाडाची अब्रू राहते, पण नात खोटी ठरते. नातीने बरोबर वाचलं म्हणावं तर सून जिंकते, आणि इतकी वर्षं झाशीतल्या अख्ख्या मराठी मंडळाला आपण कचनार वाटला, असा त्याचा अर्थ होतो. सुहासिनीबाईंनी दर वर्षी तो देव्हाऱ्यात ठेवला होता.

"वहिनी," नाना शेवटी म्हणाले, "घरी काही बोलू नका. मला जरा विचार करू द्या."

पिशवी त्यांनी भरली मात्र. संध्याकाळी लोक येणार होते.

तो दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. बातमी पोटात ठेवायची मला सवय नाही. श्रीखंडसुद्धा गोड लागेना. त्यांच्याकडे पाटीपूजनाला बोलावलं होतं, गेले. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, फुलं वाहिली, मुलांनी नमस्कार केला. आता चार ओळींची वेळ. मेघनाने साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. नाना म्हणाले, "संध्याकाळी बघू," आणि खोलीत जाऊन पडले. मेघनाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, निकाल आधीच लागलाय आणि सणाच्या दिवशी सांगायचा नाही एवढंच. स्वयंपाकघरात पुऱ्या तळताना ती मला म्हणाली, "दिवाळीनंतर पुन्हा तिचं पोट दुखायला लागणार, काकू." मी झारा हातात घेतला आणि पुरी उलटली. मला नानांचा भयंकर राग आला होता.

संध्याकाळी मंडळ जमलं. बैठकीत जागा पुरेना. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पानांचं तबक हातात घेतलं होतं. सुहासिनीबाई पुढे झाल्या, "द्या नाना, तुमच्याशिवाय काय आमचा दसरा!" त्यांनी ओंजळ पुढे केली. नानांनी पान उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"बाई, हे सोनं नाही," ते म्हणाले. "हा आपटा नाही. कचनार आहे. मी इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांना कचनार वाटत आलो."

मग कुणीतरी म्हणालं, "छे हो, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या नातीने. झाडावरची पाटी वाचून. एक नाही, चार झाडांच्या वाचल्या. मी खोटं ठरवायला बघत होतो, तर तिने पुरावे आणले." नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. तिथे मेघना श्रीखंडाच्या वाट्यांचा ट्रे घेऊन उभी होती. "परीक्षा सकाळीच झाली, सूनबाई. शाळेत मी उद्या नाही म्हणून कळवतो."

ट्रे मी धरला म्हणून वाचला. मेघना दारातच बसली आणि सगळ्यांसमोर रडू लागली. सुहासिनीबाई हातातल्या कचनारकडे बघत होत्या, त्याचं काय करावं त्यांना सुचेना. सुमेध पहिल्यांदाच मान न डोलावता बायकोजवळ जाऊन बसला. नानांनी तबक खाली ठेवलं आणि ऋताला विचारलं, "मग खरा आपटा कुठे मिळेल गं?" ती म्हणाली की जंगलात बघू, भाजीवाले भैया जंगलाकडच्या गावातले आहेत, त्यांना पान दाखवू. दोघं लगेच शब्दकोश उचलून भुसावळचं पान काढायला गेली.

मेघनाने डोळे पुसले आणि ऋताला परत हाक मारली. इतकं झाल्यावरही तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. "ऋता, झाडावर... काय लिहिलं होतं गं? मला सांग ना."

ऋता पान हातात धरून उभी राहिली. "सुबह बताया तो था, आई. घर आते ही. तुम पूरियों का आटा गूँध रही थी, बोली, हो गं हो." आणि मग जरा रागानेच, "तुम भी सुनती कहाँ हो!"