लिओनिसाने शिकवलेला होकार

लिपा गावातल्या मंडईमागच्या गल्लीत लिओनिसाची लोमीची, म्हणजे घट्ट रश्शातल्या जाड शेवयांची, खानावळ आहे आणि तिला लागून माझं शिवणाचं दुकान. मधली भिंत प्लायवुडची. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

तिचा नवरा रोमुलो पूर्वी मनिलाला कॉल सेंटरमध्ये होता. अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्याचा घसा कामातून गेला. डॉक्टरांनी फोन सोडायला लावला, तेव्हा तो घरी आला आणि खानावळीच्या बाजूच्या खोलीत दुपारची शिकवणी काढून बसला. कॉल सेंटरच्या मुलाखतीला जाणारे त्याच्याकडे इंग्रजी बोलायला शिकायचे.

होकाराचा धडा तो फार रंगवून घ्यायचा. "आपण इकडची माणसं होकार तोंडाने देतो कुठे? भुवया उडवतो, झालं. फोनवर भुवया दिसतात का? पलीकडच्या बाईला वाटतं, लाइन तुटली. आणि तोंडाने दिलाच तर 'ओओ', मोठ्या माणसाला 'ओपो'. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही. कुणी काम सांगितलं तर 'शुअर'. तुमच्या मनातलंच समोरचा बोलला तर 'एक्झॅक्टली'. शंकेला जागाच ठेवायची नसेल तर 'ॲब्सोल्यूटली'. आणि 'आय गेस सो' नोकरी मागताना चुकूनही नको. तो होकार खरा, पण एक पाय दाराबाहेर ठेवून दिलेला."

लिओनिसा पलीकडे लसूण ठेचत हे सगळं ऐकायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, ग्लेंडा येईपर्यंत.

ग्लेंडा दुबईहून परत आलेली. तिकडे एका सलूनमध्ये होती. पस्तिशीची, उंच, नवरा नाही. आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी ऐकत राहावं. ती पहिल्या बाकावर बसायची आणि भराभर शिकायची. तिने बरोबर उत्तर दिलं की रोमुलो म्हणायचा, "एक्झॅक्टली, ग्लेंडा." त्या बसक्या घशातून असा मऊ, भरलेला आवाज निघायचा की माझं मशीनसुद्धा थांबायचं. मग लिओनिसाचं काय होत असेल?

एकदा संध्याकाळी मी लोमी खायला बसले होते. ती गल्ल्यापाशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "कलेजी महाग झालीये. वाटीमागे चार तुकडे कमी करते."

त्याने भुवया उडवल्या.

"मी बोलतेय तुझ्याशी."

"ऐकलं की."

"मग तोंडाने सांग."

"कर कमी. त्यात काय सांगायचं?"

"ग्लेंडाला बरं सांगता येतं. एक्झॅक्टली, ॲब्सोल्यूटली. मला लग्न झाल्यापासून भुवयांवर वागवतोयस."

"अगं, ती शिकवणी आहे. पैसे देते ती."

"मीही देते. जेवायला घालते ना रोज."

तो उठून बाहेर सिगारेट ओढायला गेला. लिओनिसा माझ्याकडे वळली. "पाहिलंस? घसा बसलाय म्हणे. तिच्यापुरता बरोब्बर उघडतो."

दुसऱ्या दिवसापासून, शिकवणीनंतर खायला थांबणाऱ्या ग्लेंडाची वाटी वेगळी भरली जायला लागली. वर डोळ्यांना दिसेल एवढंच मांस, खाली नुसत्या शेवया. ग्लेंडा काही बोलायची नाही. उलट, "ताई, तुमच्या हातची चव दुबईत स्वप्नात यायची," म्हणायची. लिओनिसा आत येऊन पुटपुटायची, "गोड बोलून नवरे पळवतात या बायका." मी एकदा म्हटलं, "अगं, तिच्या मनात काही नाही." तर चार दिवस माझ्याशीच बोलेनाशी झाली.

ग्लेंडाची मुलाखत ठरली तो दिवस मला लख्ख आठवतो. रोमुलो तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेला होता. ग्लेंडा इस्त्री केलेल्या ब्लाउजमध्ये खानावळीत आली.

"ताई, सर नाहीत का? एकच विचारायचं होतं. नाताळात कामावर याल का, असं विचारलं तर 'ॲब्सोल्यूटली' म्हणू? फार जोरात वाटेल का? उद्धट?"

लिओनिसाने पळी खाली ठेवली. तिला धडा पाठ होता, मला माहीत आहे. ती म्हणाली, "'आय गेस सो' म्हण. नम्र वाटतं. मोठ्या माणसासमोर तेच शोभतं."

"सर तर नको म्हणाले होते."

"ते फोनवर. समोर बसलेल्या माणसाला चालतं. मी इतकी वर्षं ऐकतेय."

ग्लेंडाने तिचा हात हातात घेऊन आभार मानले आणि प्रवासी जीपनीत चढली. मी दारात उभी होते. लिओनिसाने माझ्याकडे पाहिलं नाही. पातेल्यातली लोमी उगाच ढवळत राहिली.

ग्लेंडा दुपारी परत आली. रोमुलोही पोचला होता. ती म्हणाली, "नाही घेतलं, सर. नाताळाचं विचारलं, मी 'आय गेस सो' म्हटलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझा कागदच बाजूला सरकवला."

"आय गेस सो?" रोमुलो कपाळाला हात लावून म्हणाला. "किती वेळा सांगितलं होतं. कुणी शिकवलं तुला हे?"

ग्लेंडाने लिओनिसाकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "कुणी नाही. घाबरले आणि तेच तोंडात आलं."

ती गेल्यावर लिओनिसा माझ्या दुकानात आली आणि कापडांच्या ढिगावर बसून रडली. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. तर म्हणते, "बघ ना, इथेही तीच चांगली ठरली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. आता त्याला कळलं तर तो तिलाच देवी म्हणेल."

"मग कळू देऊ नकोस."

"नाही. माझ्या तोंडून कळलेलं बरं."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. आरडाओरडा होईल म्हणून मी मशीन बंद करून बसले होते. पण पलीकडून रोमुलोचा आवाज आला, अगदी बारीक. "तो आवाज नोकरीचा आहे, लिओनिसा. दिवसभर अनोळखी माणसांना हो हो म्हणायचो. घरी आलो की वाटायचं, इथे तरी न बोलता कळतं. भुवया मी ग्लेंडाला कधी उडवल्यात का?"

"मला काय माहीत? मी भिंतीच्या अलीकडे असते."

त्यावर तो हसला असावा. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी लिओनिसा स्वतः ग्लेंडाच्या घरी गेली आणि माफी मागितली. ग्लेंडा म्हणाली, "ताई, त्या दुपारी तुमच्याकडे पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं. दुबईत मालकिणीही माझ्या वाटीत असंच कमी वाढायच्या." पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत तिची निवड झाली. ऑस्ट्रेलियाचे ग्राहक, दिवसाची पाळी.

ती अजून कधीमधी सरांना भेटायला येते. लिओनिसा तिला भरपूर वाढते, समोर खुर्ची ओढते आणि ती दोघं बोलत असेपर्यंत मध्ये बसून राहते. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक आलं तर ते मला बघावं लागतं.