तळहातावरचं लिंबू

उरकुडा उस्तादांकडे तलवार शिकायला गेलेल्या माणसाला ते आधी वांगी चिरायला बसवत. तेही आखाड्यात नव्हे, पवनीतल्या त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मैनाबाईंच्या देखरेखीखाली. मी तिथं नवाच प्राथमिक शिक्षक होतो. पंचविशीचा, दंड फुगवून चालणारा. पावशीवर, म्हणजे विळीवर, वांग्याचा चेंदा करायला मला वेळ लागला नाही. उस्ताद शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बाई वांग्याले दाबते का? समोर सरकवते. तलवारही तशीच सरकवा लागते."

उस्ताद म्हणजे नुसती हाडं. जातिवंत विणकर, दिवसभर मागावर, संध्याकाळी आखाड्यात. पण त्यांची तलवार केळीच्या खुंटातून गेली की वरचा तुकडा क्षणभर जागीच उभा राहायचा. मी तोच खुंट सारी ताकद लावून हाणायचो आणि माझी तलवार अर्ध्यात अडकायची. "ताकद घरी ठेवून येत जा," ते म्हणत, "थे धारेले वाकडी करते."

मला ते पटत नव्हतं. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. दसऱ्याच्या शस्त्रपूजनानंतर कोहळा कापायचा मान मला मिळाला आणि मी असा घाव घातला की कोहळ्याचा गर पुढं बसलेल्या बायांच्या लुगड्यांवर उडाला. तलवार खालच्या ओंडक्यात रुतली ती दोघांनी ओढून काढली. उस्ताद रागावले नाहीत. कापला का फोडला, एवढंच त्यांनी विचारलं. गावानं मात्र मला वर्षभर सोडलं नाही.

पुढच्या दसऱ्याला मी कोपऱ्यात उभा राहायचं ठरवलं होतं. आमच्या आखाड्यात शेवटचा खेळ लिंबाचा असे: शिष्याच्या तळहातावरचं लिंबू उस्ताद एका घावात कापत. पण त्या वर्षी त्यांचे डोळे अंधुक झाले होते. मागावरचं सूत हाताला कळायचं, लिंबू कसं कळणार? त्यांनी तलवार माझ्या हाती दिली आणि लिंबू आपल्या उजव्या तळहातावर ठेवलं. मागावर धोटा फेकायचा तो हात. निदान डावा तरी पुढं करा म्हणून मी विनवलं.

"डाव्यावर ठेवलं तं तुमी बिनधास्त होऊन जोर लावान," ते म्हणाले.

मैनाबाई जवळच उभ्या होत्या. "गुरुजी, त्याच हातानं आमचं घर चालते," एवढंच बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मूठ इतकी आवळली गेली की बोटं पांढरी पडली.

"मूठ ढिली करा," उस्ताद हळूच म्हणाले. मी केली. श्वास सोडला आणि तलवार मारली नाही. वरून आणली आणि ओढून घेतली. लिंबाच्या दोन फाका खाली पडल्या. उस्तादांनी हात उंच केला. तळहातावर नुसता रस होता आणि एक बी चिकटलेली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तिथंच मातीत बसकण मारली. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी त्यांच्या घरी गेलो. उस्ताद मागावर होते. भीती वाटली नाही का, मी विचारलं.

"भेव लागलं जी," ते म्हणाले. "पाय थरथरून राहिले होते, धोतरात दिसले नाही."

मग हात मागं का घेतला नाही?

"मी हात हालवला असता तं तुमी घाबरून जोर लावला असता." आणि धोटा इकडून तिकडे फेकत म्हणाले, "जा आता, पोरं वाट पाहून राहिले."

उस्ताद त्यानंतर नऊ-दहा वर्षं जगले. शेवटपर्यंत मागावर बसले. वैनगंगेच्या काठावर त्यांना खांदा देऊन नेलं त्या दिवशी मी खूप रडलो. तरी मनाला एक समाधान होतं. त्यांनी विश्वासानं दिलेला हात मी त्यांना शाबूत परत केला होता.