चार इंच वर

आमच्या समोर राहणाऱ्या पठ्ठ्याची पिकअप आता कुठलाही डोंगर चढू शकते. डोंगरानं फक्त आमच्या गल्लीत यायचं बाकी आहे. वाळूजला जाऊन त्यानं गाडीचं सस्पेन्शन चार इंच उचलून घेतलं, खाली ट्रॅक्टरला शोभतील असले टायर बसवले, आणि तेव्हापासून तो शेंद्र्याला कामावर कंपनीच्या बसनं जातो.

"रोडवर लई खड्डे आहेत ओ काका," तो सांगतो, "टायरची वाट लागते."

रोज सकाळी तो जुन्या टूथब्रशनं टायरच्या खाचांतले खडे काढतो. उभ्या गाडीच्या टायरात खडे येतात कुठून, हे मला अजून उमगलेलं नाही.

परवा त्याला आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. त्यानं गाडीच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर पाट ठेवून पाहिला. म्हातारीनं एकदा सीटकडं, एकदा आभाळाकडं बघितलं आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात जाऊन बसली. हा चारी इंडिकेटर लावून मागून पिकअपमधून निघाला, मंत्र्याच्या ताफ्यात असल्यासारखा.

संध्याकाळी तो उतरल्या चेहऱ्यानं टायर पुसत बसला होता. मला वाटलं, डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "मग, आता गाडी खाली घेणार ना?"

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"गाडीला कशाला हात लावायचा, काका? आईचेच दोन्ही गुडघे बदलून घेतोय."