वांग्यांनी खाल्लेल्या गोळ्या

एमबीबीएसला असताना मी ठरवूनच टाकलं होतं, सर्जन व्हायचं. रेल्वेत नोकरीला असलेल्या बाबांनी डहाणू रोडला माझ्या दवाखान्यासाठी एक गाळाही हेरून ठेवला होता. पिण्याचं पाणी, लसी, सर्व्हे असलं शिकवणाऱ्या सामाजिक आरोग्याच्या तासाला मी मागच्या बाकावर मस्त झोप काढायची. देवाने ते बघितलं असावं. इंटर्नशिपमध्ये मला नेमकं त्याच विषयाचं पोस्टिंग मिळालं, तलासरीकडच्या एका आरोग्य केंद्रात.

तिथे प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प करावा लागे. नावावर एखादा शोधनिबंध असला की पुढे वजन पडतं, असं सीनियर सांगायचे, म्हणून मी कंबर कसली. एका पाड्यावरच्या वीसेक बायका निवडल्या, सगळ्यांच्याच अंगात रक्त कमी. त्यांना तीन महिने लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि हिमोग्लोबिन किती वाढतं ते बघायचं. गोळ्या खरंच घेतल्या का हे कळावं म्हणून दर आठवड्याला रिकामी पाकिटं मागून घ्यायची. या युक्तीचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं.

पाकिटं दर वेळी रिकामी, रक्त मात्र होतं तिथेच! मी हरखूनच गेले. या बायकांना लोह लागूच पडत नाही, यांच्या रक्तातच काहीतरी वेगळं असणार, असा मोठा शोध मला लागला होता. मी भराभर निबंध लिहून काढला. सोमवारी तो विभागासमोर वाचायचा होता.

आदल्या शनिवारी पाड्यावर निरोप घ्यायला गेले. माझ्या यादीतल्या सर्वांत थोरल्या मावशींनी नेहमीसारखी पिशवीभर वांगी हातात ठेवली, काळीभोर, तुकतुकीत. आमच्या घरी त्यांच्या भरतावर उड्या पडायच्या.

"मावशी, खत कुठलं घालता हो?"

त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तुझ्याच गोळ्या, बाय."

मग सगळं बाहेर आलं. गोळीने मळमळायचं. सकाळी उपाशीपोटी चिकूच्या वाडीत कामाला जायचं, तिथे उलटी झाली तर त्या दिवसाचा रोज बुडायचा. म्हणून सगळ्यांच्या गोळ्या वांग्यांच्या मुळाशी गेल्या होत्या.

"मग मला रिकामी पाकिटं कशाला दाखवलीत?"

"तू एवढी उन्हाची येतेस. पाकीट भरलेलं दिसलं की तुझं तोंड एवढंसं होते. आम्हाला नाय बघवत."

परतताना जीपमध्ये वांगी मांडीवर घेऊन मी चक्क रडले. आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. तीन महिने मी पाकिटं मागत होते. गोळी खाल्ल्यावर कसं वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. आज माझं सगळं संशोधन त्या एका प्रश्नावर चालतं, पण तेव्हा फक्त लाज वाटत होती. निबंध तसाच वाचला असता तर कुणाला कळणार होतं? रविवारभर तोच मोह होता. पण माझं वाचून पुढचा डॉक्टर म्हणाला असता, यांना गोळ्या देऊन उपयोग नाही. ते काही गिळवेना.

सोमवारी मी वांग्यांसकट सगळं सांगून टाकलं. खोलीत हशा पिकला. आमच्या विभागप्रमुख बाई तर डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "आत्ता सांगितलंस तेवढं लिही. बाकीचं फाड."

मी आणखी तीन महिने मागून घेतले. आता गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची ठरली, आणि पाकिटं मागणं बंद. दर आठवड्याला मी नुसती ओट्यावर बसून गप्पा मारायची. त्यात कोणाला काय त्रास होतो ते आपोआप कळायचं.

शेवटच्या तपासणीला मावशींचं रक्त चांगलं वाढलेलं निघालं. मी आनंदाने ओरडलेच. त्यांनी पिशवी पुढे केली. आत चारच वांगी, तीही खुरटी.

"यंदा गोळ्या मीच खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी ती वांगी ओट्यावर ठेवली आणि बाबांना म्हटलं, तो गाळा आता दुसऱ्या कुणाला घेऊ द्या.